भट्टीतून काढलेला जरकन नवा होत नाही

किरणोत्साराने खराब झालेला जरकन भट्टीत तापवला की तो मुळात होता तसाच कणखर होतो, असे खड्यांच्या बाजारात वारंवार ऐकू येते. यातले अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच उरलेले अर्धे खोडून काढणे अवघड जाते.

जरकन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट. त्याच्या स्फटिकात झिर्कोनियमच्या काही जागा युरेनियम आणि थोरियमने घेतलेल्या असतात. युरेनियम-238 चे शिसे होईपर्यंत आठ अल्फा कण सुटतात. मोडतोड मुख्यतः हे कण करत नाहीत. कण सुटताना मागे उसळणारे जड अणुकेंद्र ती करते. जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर जाताना ते हजार किंवा त्याहूनही अधिक अणू जागचे हलवते. कोट्यवधी वर्षांत असे विस्कटलेले भाग एकमेकांना भिडतात. मग घनता 4.7 वरून 4 च्या खाली येते, आकारमान 18 टक्क्यांपर्यंत वाढते आणि काठिण्य साडेसातवरून सहाच्या आसपास घसरते. श्रीलंकेतले हिरवट जरकन असे असतात. हॉलंड आणि गॉटफ्रीड यांनी 1955 मध्ये तिथल्याच खड्यांवरून हा क्रम मांडला.

आता भट्टी. नुकसान थोडे असेल, तर शाबूत स्फटिक साचा पुरवतो आणि भरकटलेले अणू त्यावर पुन्हा रांगेत बसतात. इथपर्यंत बाजाराचे म्हणणे बरोबर. पण पुरत्या विस्कटलेल्या जरकनात साचाच उरलेला नसतो! तो 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापला की झिर्कोनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि सिलिका वेगळे होतात. आणखी काहीशे अंश वर गेल्यावर दोन्ही मिळून पुन्हा जरकन बनतो. घनता वाढते, क्ष-किरण चाचणीत नावही तेच येते. मात्र एकसंध स्फटिकाऐवजी हाती येतो वाटेल त्या दिशांना तोंडे केलेल्या बारीक कणांचा गोळा. याला ‘पूर्ववत’ म्हणणे चूक आहे.

आणि तडे? युरेनियम जास्त असलेले थर जास्त फुगतात आणि शेजारचे कमी फुगणारे थर ताणाने तडकतात. चाकुमाकोस, युइंग आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवले. भट्टी अणू रांगेत लावते, तडा सांधत नाही. उलट फुगलेला थर आकसताना नवा ताण येतो.

अजून शंका असेल, तर खडकांचे वय काढणाऱ्यांची रीत पाहावी. जेम्स मॅटिन्सन यांनी 2005 मध्ये मांडलेल्या पद्धतीत जरकन आधी दोनेक दिवस 800 ते 1100 अंशांवर तापवतात, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकतात. थोडे बिघडलेले भाग सावरून टिकतात, फार बिघडलेले विरघळून जातात. सगळेच सावरले असते, तर ही पद्धत चाललीच नसती.

तापवल्याने किरणोत्सारही जात नाही. युरेनियम-238 चा अर्धायुकाल सुमारे 447 कोटी वर्षे आहे आणि भट्टीने तो बदलत नाही. जास्त किरणोत्सारी खनिज जास्त विस्कटते, हेही सरसकट खरे नाही: केरळच्या वाळूतल्या मोनाझाइटमध्ये थोरियम कितीतरी जास्त, तरी तो बहुधा स्फटिकरूपच असतो, कारण त्याची मोडतोड कमी तापमानालाच भरून येते. आणि अमेरिकन डायमंड म्हणजे जरकन नव्हे. ते कारखान्यात बनवलेले झिर्कोनियम ऑक्साइड आहे.

जरकन घेताना भिंगाखाली तडे तपासा. ‘तापवलेला आहे’ या शब्दाला मजबुतीची हमी समजू नका.