गोण्या, घमेली आणि अकरावीची मुलं

अकरावी-बारावीची पोरं गावात येतात ती दंगा करायला, कामाच्या नावानं बोंब, असं जाणती माणसं म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण त्यात दोष पोरांचा क्वचितच असतो. सात दिवसांच्या शिबिराचं काय होणार, हे मुलं गाडीतून उतरण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक होते सुमारे चाळीस हजार. पुढे ती कनिष्ठ महाविद्यालयांतही आली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर, हा तिचा साचा. सगळा भार एका प्राध्यापकावर, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्यावर. स्वतःचे तास सांभाळून तो हे करत असतो, हे टीका करताना लक्षात ठेवलेलं बरं.

पहिला प्रश्न कामाचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘ग्रामविकास’ दिसत नाही. त्याला सुरुवात आणि शेवट असलेलं काम लागतं. म्हणून मला वनराई बंधारा हे या वयासाठी फार योग्य काम वाटतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यात आडवी भिंत रचायची, एवढंच. खर्च जवळजवळ नाही, यंत्र लागत नाही, आणि मागे अडलेलं पाणी आसपासच्या विहिरींना आणि रब्बीच्या पिकाला उपयोगी पडतं. तेच उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेली झाडं बघा. फोटो छान येतो, झाडं मरतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवीन तुकडी नवीन रोपं लावते. पोरांना हे कळतं. कळल्यावर त्यांनी अंग चोरलं तर नवल नाही.

पण बंधाऱ्यालाही वेळ असते. पाऊस ओसरल्यावर, ओढ्याची धार बारीक झालेली पण चालू असताना तो घालायचा. शिबिरं मात्र बहुधा परीक्षा आणि स्नेहसंमेलनाच्या मधल्या फटीत, डिसेंबर-जानेवारीत बसवली जातात, आणि तोवर कोरडवाहू भागातले ओढे आटलेले असतात. कोरड्या ओढ्यात रचलेली भिंत बघून मुलं काय शिकतील? तेव्हा अधिकाऱ्यानं प्राचार्यांशी भांडायचंच असेल तर ते तारखेसाठी भांडावं.

जागा आधी पाहून ठेवावी लागते. पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच, वरच्या बाजूला उतार कमी. ग्रामपंचायतीला विचारायचं, ज्यांची शेतं काठाला आहेत त्यांना तर नक्कीच, नाहीतर दुसऱ्या दिवशी काठावर वाद उभा राहतो आणि पोरं बघत बसतात. गोण्या बांधकामांवरून महिनाभर आधीपासून गोळा करायच्या. हे काम मुलांनाच द्यावं. शिबिर त्यांचं होतं ते इथून. फावडी, टिकाव, घमेली, दाभण, सुतळी यांची यादी आणि कोठीची किल्लीही त्यांच्याचकडे. मोजून घ्यायचं, संध्याकाळी मोजून ठेवायचं. एखादं घमेलं हरवेल, पण किल्ली सरांच्या खिशात असलेल्या शिबिरात मुलं पाहुणी होऊन राहतात.

प्रत्यक्ष काम असं चालतं. आधी पात्रातला गाळ आणि मोकळी वाळू काढून तळ साफ करायचा. गोणी पाऊणच भरायची. गच्च भरली की ती गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि फटीतून पाणी सुटतं. तोंड सुतळीनं शिवायचं. तळाचा थर रुंद, वर जाताना निमुळतं, आणि प्रत्येक थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. पाण्याकडच्या अंगाला चिकणमाती दाबायची. रचण्यापाशी गावातलं एक अनुभवी माणूस उभं हवंच. पाऊण भरलेली गोणीही तीस किलोंच्या वर जाते, म्हणून दोघांनी उचलायची आणि माती शक्यतो जवळच भरायची. भरणारे, शिवणारे, वाहणारे, रचणारे अशा टोळ्या पाडून तासातासानं अदलाबदल करावी. मुलींना रांगोळी आणि स्वयंपाक, मुलांना फावडं, ही वाटणी अजून सर्रास दिसते; ती मोडायची तर पहिल्याच दिवशी, वेळापत्रकातच. मुलींच्या मुक्कामाची खोली, पाणी आणि संडास नीट असल्याशिवाय मात्र ही भाषा करू नये. निम्म्या पालकांचा नकार तिथेच असतो.

टोळ्या पाडताना मित्रांचे कंपू फोडावेत, पण पुरते नाहीत. प्रत्येकाला टोळीत एक ओळखीचा चेहरा राहू द्यावा. अगदी एकटं पडलेलं मूल तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी जातं.

बंधारा चौथ्या-पाचव्या दिवशी पुरा होईल अशा बेताचाच ओढा निवडावा. मग उरलेल्या दिवसांत मागे पाणी चढताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर कुणाला उठवावं लागत नाही, प्रभातफेरीलासुद्धा. उलट, दुपारच्या जेवणानंतर ठेवलेलं दोन तासांचं बौद्धिक कितीही मोठ्या वक्त्याचं असो, श्रमदानानं थकलेली मुलं झोपणारच. चाळीस मिनिटं आणि त्यांचेच प्रश्न, एवढं पुरे.

यानंतरचा भाग बहुतेक शिबिरांत सुटतो. शिबिराआधी जवळच्या दोन-तीन विहिरींत दगड बांधलेला दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजून ठेवावं, आणि मग महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी जाऊन पुन्हा मोजावं. वर्षाचे १२० तास कुठे भरायचे हा प्रश्नही त्यात सुटतो. आणि पावसाळ्याआधी गोण्या काढायच्या असतात, नाहीतर पहिल्या पुरात प्लॅस्टिक खालच्या शेतांत जातं. ते दिवस सुट्टीचे, अकरावीची मुलं तोवर बारावीच्या क्लासला लागलेली. तेव्हा गोण्या काढायला कोण येणार, त्यांची नावं नोव्हेंबरात, बंधारा रचतानाच लिहून घ्यावीत आणि एक प्रत सरपंचांकडे द्यावी.