तारेविना कट्ट कडकट्ट

नोव्हेंबर सरत आलेला असतो. बालाघाटच्या पठारावर गारठा उतरलेला असतो आणि अहमदपूरच्या शिवारात तुरीला शेंगा धरू लागलेल्या असतात. शनिवारी पहाटे साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना कुणी शॉर्टवेव्हचा चांगला रेडिओ सात मेगाहर्ट्झच्या आसपास लावून बसलं, तर सुरुवातीला फक्त खरखर ऐकू येईल, मधूनच एखादी शिट्टी. बरोबर साडेपाचला मात्र मोहोळाला दगड लागावा तसा तो पट्टा उठतो. बारीक, जाड, जवळच्या, लांबच्या शेकडो शिट्ट्या एकमेकींवर आदळू लागतात आणि पुढचे ४८ तास थांबत नाहीत.

आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा ग्रिनिचच्या घड्याळात शनिवार लागतो. त्या ठोक्याला ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ नावाची मोर्सची स्पर्धा सुरू होते. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. तिला ना मैदान, ना प्रेक्षक. घरात, गच्चीवरच्या खोलीत, कुठल्याशा बेटावरच्या तंबूत बसलेले हजारो लोक कानाला हेडफोन लावून एकमेकांना शोधत असतात. जितके जास्त लोक सापडतील आणि जितक्या वेगवेगळ्या देशांतले सापडतील, तितके गुण जास्त.

या लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. मराठीत ‘हौशी रेडिओचालक’ हा शब्द आहे आणि तो नेमका आहे. हौशी नाटकमंडळी पदरमोड करून तालमी करतात, तसंच हे. परवान्याची अटच अशी की या रेडिओवरून पैसा मिळवायचा नाही. धंद्याची बोलणी, गाणी वाजवणं, गुप्त सांकेतिक निरोप, सगळ्याला मनाई. मोर्स ही लिपी सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती गुप्त धरली जात नाही.

मोर्स म्हटलं की जुन्या माणसांना तारघर आठवतं. तारमास्तरच्या टेबलावरची ती कट्ट कडकट्ट आणि दारात तारवाला दिसला की घरातल्यांच्या पोटात उठणारा गोळा. सॅम्युअल मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार १८४४ ची. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तीही शेवटी शेवटी मोर्सवर चालत नव्हतीच. तरीही ज्या लिपीला पोस्टाने, जहाजांनी आणि लष्करांनी बाजूला ठेवलं, तिच्यावर आज हजारो लोक शनिवार-रविवारची झोप ओवाळून टाकतात. हे निव्वळ जुन्याचं वेड नाही.

मोर्सला फार थोडी जागा लागते. माणसाचा आवाज पाठवायचा तर रेडिओच्या पट्ट्यात अडीच हजार हर्ट्झच्या आसपास रुंदी व्यापावी लागते. मोर्सचं दीड-दोनशे हर्ट्झमध्ये भागतं. सगळी शक्ती त्या चिंचोळ्या फटीत एकवटते, ऐकणाराही बाकीची खरखर गाळून तेवढीच फट उघडी ठेवतो. त्यामुळे ज्या ताकदीवर बोललेलं एक अक्षर कळणार नाही, त्या ताकदीवर मोर्स आरपार जातं. पाच वॅट म्हणजे घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी वीज. तेवढ्यावर मराठवाड्यातून जपानशी किंवा युरोपशी बोलणं होऊ शकतं, आकाश अनुकूल असेल तर.

आकाश अनुकूल असणं म्हणजे काय? जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटरवर, सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे कण विद्युतभारित झालेले असतात. हा थर लघुलहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. एका उडीत लहर चारेक हजार किलोमीटर जाते, जमिनीवरून किंवा समुद्रावरून पुन्हा उसळते. टोकियोला दोन उड्या पुरतात. पण हा थर सूर्याच्या मर्जीवर जगतो. दिवसा १४ मेगाहर्ट्झचा पट्टा चालतो, रात्री सातचा. सूर्यावरचे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात. ते भरात असले की २८ मेगाहर्ट्झवरही जग खुलं होतं, आणि ओसरले की तोच पट्टा ओस पडतो. शेतकरी जसा ढगांकडे बघतो तसा हॅम सूर्याकडे बघतो, आणि दोघांनाही अंदाज चुकल्याची सवय असते.

गंमत म्हणजे या लघुलहरी हौशी लोकांच्या पदरात पडल्या त्या टाकाऊ म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाणकारांचं मत असं की लांबवर जायला लांब लहरीच हव्यात. दोनशे मीटरखालच्या लहरी कुचकामी, त्या द्या या हौशींना. हौशींनी त्या घेतल्या आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतला फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधला लेओं दलोय यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकच्या आरपार दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. मार्कोनी कंपनीचेही लघुलहरींवर प्रयोग चालू होतेच. चारच वर्षांत, १९२७ मध्ये, हिंदुस्थान आणि इंग्लंड लघुलहरींच्या ‘बीम’ सेवेने जोडले गेले. त्या सेवेचं प्रक्षेपण केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. आज दौंड म्हटलं की रेल्वेची खोळंबलेली गाडी आठवते. एके काळी लंडनचा निरोप या देशात तिथे उतरत होता.

हौशींचा मुंबईशी जोडलेला धागा वेगळा आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारने परवाने रद्द केले आणि प्रक्षेपणाची यंत्रं जमा करायला लावली. तरी १९४२ च्या ‘चले जाव’नंतर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो हौशी रेडिओची विद्या जाणणाऱ्यांच्या हातांवर. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवलं जाई. नोव्हेंबर १९४२ मध्ये छापा पडला, आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. परवाना, यंत्रांची नोंद, संकेतनाम (हॅमची हवेतली ओळख) या गोष्टींबाबत सरकार आजही इतकं काटेकोर का, याचं निम्मं उत्तर त्या काळात सापडतं.

लातूर जिल्ह्यात मात्र हा विषय निघाला की बोलणं किल्लारीकडे वळल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपलेली, पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. देशात मोबाइल आला तो १९९५ च्या जुलैत, म्हणजे भूकंपानंतर जवळपास दोन वर्षांनी. गावात एखादा टेलिफोन असला तर असला, आणि तोही मातीखाली. अशा वेळी बॅटरी, वायर आणि पेटीएवढा रेडिओ घेऊन येणारा माणूस काय मोलाचा असतो, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत हॅम मंडळी या भागात संपर्काच्या कामाला उतरली होती. पुढे १९९९ चं ओडिशातलं महाचक्रीवादळ, २००१ चा भूज, दर वेळी तेच. २००४ च्या डिसेंबरात तर योगायोग असा की हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी दुर्मीळ संपर्कांच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होते. २६ तारखेला त्सुनामी आली. जगभरच्या हौशींना ‘अंदमान मिळालं’ म्हणून आनंद देणारं ते केंद्र बचावकार्याचं केंद्र झालं.

अंदमान मिळालं म्हणजे? हॅमच्या जगात देशांची स्वतःची यादी असते, तिच्यात ३४० नोंदी आहेत. भारत एक, अंदमान-निकोबार दुसरी, लक्षद्वीप तिसरी. नोंदी गोळा करणं हा जन्मभराचा नाद. त्यासाठी लोक निर्मनुष्य बेटांवर जनरेटर घेऊन उतरतात. संपर्क झाला की दोन्हीकडून आपापलं छापील कार्ड पाठवायचं, त्यावर संकेतनाम, तारीख, वेळ, पट्टा. पूर्वी ही कार्डं पोस्टाने महिनोन्‌महिने प्रवास करत. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण भिंतीवर लावायला कार्डच हवं असणारे अजून आहेत.

स्पर्धेत मात्र कार्डाच्या गप्पांना वेळ नसतो. ठरलेला मजकूर एवढाच: समोरच्याचं संकेतनाम, ‘५९९’ आणि जगाच्या नकाशावरच्या आपल्या विभागाचा क्रमांक. ५९९ म्हणजे ‘तुमचा आवाज स्पष्ट, जोरदार आणि निर्मळ’. स्पर्धेत सगळेच सगळ्यांना ५९९ देतात, आवाज कसाही असो. लग्नपत्रिकेतल्या ‘सस्नेह’सारखं ते. ९ या आकड्याला चार लांब आणि एक आखूड ठोका लागतो, म्हणून त्याजागी ‘एन’ हे अक्षर पाठवतात, एक लांब एक आखूड. भारताचा विभाग २२. डि-डि-डा-डा-डा, पुन्हा डि-डि-डा-डा-डा. अख्खं बोलणं दहा-पंधरा सेकंदांत आटोपतं.

हा बावीस आकडा मोठा भाग्याचा. विभाग २२ मध्ये भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव एवढेच देश, आणि स्पर्धेला बसणारे त्यातही मोजके. गुणांच्या हिशेबात प्रत्येक नवा विभाग आणि प्रत्येक नवा देश यांनी बेरीज गुणली जाते, म्हणून युरोप-अमेरिकेतल्या स्पर्धकांना भारतीय केंद्र हवंच असतं. भारतातून ‘व्हीयू’ने सुरू होणारं संकेतनाम हवेत गेलं की त्यावर झुंबड उडते, एकाच क्षणी वीस-तीस जण हाक मारतात. त्या कल्लोळातून एक अक्षर पकडायचं, तेवढंच परत पाठवायचं आणि बाकीच्यांना गप्प करायचं, ही खरी कला. जपानी संस्थेच्या ‘ऑल एशियन’ स्पर्धेत तर आकड्याच्या जागी स्वतःचं वय पाठवतात. स्त्रियांना ‘००’ पाठवायची मुभा आहे. कुणी ८५ पाठवलं की ऐकणाऱ्याचा हात क्षणभर थबकत असणार.

अहमदपुरात बसून हे करायचं तर लागतं काय? १४ मेगाहर्ट्झसाठी दहा मीटर तांब्याची तार, मधोमध कापलेली, दोन्ही पंख पाच-पाच मीटरचे. सात मेगाहर्ट्झसाठी याच्या दुप्पट. दोन लिंबांच्या झाडांमध्ये उंच ताणली की अँटेना झाली. परदेशी यंत्रं महाग पडतात, पण हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ नावाच्या साध्या, स्वस्त रेडिओचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. तो घरी जोडता येतो. मूळ आराखड्यात एक वेटोळं चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेलं होतं, कारण तो कुठल्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हौशी रेडिओचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही हैदराबादलाच आहे, १९८३ पासून. नांदेड-लातूरला मुंबईपेक्षा ते जवळ.

परीक्षा द्यावी लागते, ती केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची: थोडं रेडिओशास्त्र, थोडे नियम. वयाची अट फक्त १२ वर्षांची. आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती २००३ मध्ये निघाली. भारतात खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांची चाचणी ठेवलेली आहे. स्पर्धेतले लोक तीसच्या पुढे धावतात. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे कागदावर टिंबं आणि रेघा पाठ करणं. मोर्स डोळ्यांनी शिकलं की कान अडखळतो. ते तबल्याच्या बोलांसारखं तोंडी आणि कानीच शिकावं लागतं. ‘सीक्यू’ ही हाक म्हणजे टिंब-रेघ नव्हे, डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा अशी एक चाल.

गावात काही अडचणी शहरापेक्षा कमी, काही वेगळ्या. शेजारच्या स्वस्त चार्जरपासून खांबावरच्या ठिणगणाऱ्या इन्सुलेटरपर्यंत सगळे पट्ट्यात खरखर ओततात. म्हणूनच ज्याला अख्खा मराठवाडा शिव्या घालतो ते भारनियमन हॅमला पर्वणी वाटतं: आळीची वीज गेली की बॅटरीवर चालणारा रेडिओ एकदम निर्मळ ऐकू लागतो. वैशाखातल्या अवकाळीत मात्र तार काढून ठेवावी लागते. वीज कडाडली की लांब ताणलेली तार हे तिला दिलेलं आमंत्रणच.

पृथ्वीच्या गोळ्यात अहमदपुरातून आरपार सुई घातली तर ती दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, प्रशांत महासागरात निघते. तिथे नुसतं पाणी आहे. त्यातल्या त्यात जवळची माणसांची वस्ती म्हणजे दगडी पुतळ्यांचं ईस्टर बेट, अहमदपूरपासून सुमारे १९ हजार किलोमीटर. याहून फारसं लांब या पृथ्वीवर जाताच येत नाही. इथे दिवेलागण होते त्या सुमारास तिथे उजाडू लागतं, आणि उजेड-अंधाराच्या त्या सीमारेषेवरून लहरी विशेष सुखाने जातात. त्या वीस-पंचवीस मिनिटांत बेटावर कुणी हवेत असलं आणि इकडे कुणी ऐकत असलं तर जमतं. नाहीतर पुन्हा दुसऱ्या दिवशी.

सोमवारी पहाटे साडेपाचला पट्टा आला तसा रिकामा होतो. मग सुरू होतं हिशेबाचं काम. प्रत्येकाने आपली वही संगणकातून आयोजकांकडे पाठवायची. तिथे हजारो वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात: याने लिहिलेला संपर्क त्याच्या वहीत आहे का, त्याच वेळी, त्याच पट्ट्यावर? एक अक्षर चुकीचं ऐकलेलं सापडलं, एका टिंबाने ‘यू’चा ‘व्ही’ झालेला निघाला, की तो संपर्क खोडला जातो आणि वरून आणखी गुणही कापले जातात.