घरगुती गोड पदार्थ : जिनसांची अदलाबदल कशी करावी?

शेतकरी कुटुंबात गोड पदार्थ हा केवळ जिभेच्या चवीसाठी केला जात नाही. सणवार, सुगीची अखेर, बाळंतिणीचा आहार, पाहुण्यांचे आदरातिथ्य व शाळकरी मुलांची मधल्या वेळची भूक अशा नाना निमित्तांनी तो घरात होत असतो. पूर्वी ह्या पदार्थांस लागणारे बहुतेक जिन्नस शेतातून व गोठ्यातून मिळत. गूळ गुऱ्हाळातून येई, तूप घरचे असे, आणि पीठ घरच्या जात्यावर दळले जाई. हळूहळू त्यांची जागा साखर, मैदा, वनस्पती तूप व तयार बिस्किटे ह्यांनी घेतली. पुष्कळ घरांतून नाचणी व शेंगदाणे बाजारात जातात आणि त्याच पैशातून मुलांसाठी बिस्किटांचे पुडे येतात, असे दिसून येते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. सन २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दोनतृतीयांशांहून अधिक मुलांत व १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लहान मुलाचे पोट लहान असते. ते साखर व मैद्याने भरले, तर डाळ, भाजी व भाकरी ह्यांस जागा उरत नाही. गोड पदार्थाने रक्तक्षय बरा होत नाही, हे खरे. तथापि जो पदार्थ मूल आवडीने मागून खाते, त्याच पदार्थातून धान्य, शेंगदाणे, तीळ व दूध त्याच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून जिनसांची अदलाबदल विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

फेरबदल का फसतो?

साखरेऐवजी गूळ घातला आणि दूध नासले. मैद्याऐवजी नाचणी घेतली आणि शंकरपाळी तुटली. तूप कमी केले आणि लाडू वळेनात. असा अनुभव एकदोन वेळा आला, की घर पुन्हा साखर व मैद्याकडे वळते. दोष नव्या जिनसाचा नसतो. पदार्थातील प्रत्येक जिन्नस चवीखेरीज आणखी एखादे काम करीत असतो. ते काम ओळखून तेच काम करणारा दुसरा जिन्नस निवडला, अथवा कृती थोडी बदलली, म्हणजे पदार्थ साधतो.

साखरेऐवजी गूळ

साखर पदार्थास गोडी देते, पाकाच्या रूपाने त्यास बांधून धरते आणि मुरांब्यासारख्या पदार्थास टिकवते. गूळ ही तिन्ही कामे करतो. परंतु त्याचे गुणधर्म निराळे आहेत. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, हवेतील ओलावा शोषून घेतो आणि लवकर करपतो.

उकळत्या दुधात गूळ टाकल्यास त्याच्या आम्लतेमुळे दूध नासते. यासाठी खीर चुलीवरून उतरवून कोमट होऊ द्यावी. गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून व थंड करून मग तिच्यात मिसळावा. गाळल्याने चिपाडाचे कण व माती निघून जाते, हाही एक लाभ. कोकणात गुळाच्या खिरींना व घाटल्याला नारळाचे दूध वापरण्याची रीत आहे, तिच्यामागेही हेच इंगित आहे. गायीम्हशीच्या दुधातील जे प्रथिन आम्लामुळे साकळते, ते नारळाच्या दुधात नसते.

चिक्कीसाठी साधा गूळ वापरल्यास ती पुष्कळदा मऊ व चिवट होते. ह्यासाठी बाजारात चिक्कीचा गूळ निराळा मिळतो, तोच घ्यावा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला असता त्याची कडक गोळी होऊन ती ताटलीत टणकन वाजली, म्हणजे पाक झाला असे समजावे. लाडवांसाठी मात्र एवढा पाक कधीही करू नये.

गूळ निवडताना केवळ रंगावर भाळू नये. पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी गुळात हायड्रॉससारखी रसायने घालतात. नैसर्गिक रीतीने केलेला गूळ बहुधा तांबूस ते गडद तपकिरी असतो. तो खारट वा कडवट लागू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुळात थोडे खनिज असले, तरी तो मुख्यतः साखरच होय. शंभर ग्रॅम साखरेपासून सुमारे ४०० उष्मांक मिळतात, तर तितक्याच गुळापासून सुमारे ३८०. मधुमेही माणसास साखरेऐवजी गूळ वा मध दिल्याने पथ्य पाळले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली, की पदार्थात वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावा, आणि शक्य तर तो पाच टक्क्यांखाली आणावा. प्रौढ माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. यास्तव साखर काढून तितकाच गूळ घालणे ही पहिली पायरी झाली. एकूण गोडी कमी करणे ही खरी सुधारणा होय.

गोडी कमी कशी करावी?

खीर, शिरा व पिठाचे लाडू ह्यांत नेहमीच्या मापाच्या चौथा हिस्सा साखर वा गूळ कमी केल्यास खाणाऱ्यास फारसा फरक जाणवत नाही. वेलची, जायफळ, सुंठ वा भाजलेले खोबरे घातल्यास कमी गोडीही पुरेशी वाटते. पिकलेले केळे, खजूर, मनुका, लाल भोपळा, रताळे व गाजर हे स्वतःच गोड असल्याने त्यांच्याबरोबर वरची गोडी कमी लागते. पूर्ण पिकलेल्या केळ्यांच्या शिकरणात साखर मुळीच घातली नाही तरी चालते.

मात्र मुरांबा, साखरांबा व गुळांबा ह्यांतील गोडी कमी करू नये. तेथे साखर वा गूळ हाच टिकवणारा घटक असतो. तो कमी पडल्यास पदार्थ आंबतो किंवा त्यावर बुरशी येते. पाकातल्या लाडवांचे मापही असेच जपून बदलावे.

मैद्याऐवजी नाचणी, ज्वारी व कणीक

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळल्यावर एक चिवट प्रथिन तयार होते. त्यामुळे पोळी लाटता येते व शंकरपाळी तुटत नाही. नाचणी व ज्वारी ह्यांत हे प्रथिन नसते. म्हणून लाटावयाच्या पदार्थात मैदा काढून एकदम सर्व नाचणी घेऊ नये. दोन भाग कणीक व एक भाग नाचणी किंवा ज्वारीचे पीठ असे प्रमाण ठेवावे. केवळ नाचणी वा ज्वारी वापरावयाची असल्यास उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढावी. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो व पीठ बांधले जाते. लाडू, खीर व सत्त्व ह्यांत लाटण्याचा प्रश्नच नसल्याने तेथे नाचणी पूर्णपणे वापरता येते.

नाचणीला नाशिककडे नागली म्हणतात. तिच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मैद्यात ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. हे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात दाण्याच्या तांबड्या सालीत असते. म्हणून नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून पांढरे सत्त्व काढण्याच्या रीतीत सालीबरोबर पुष्कळसा लाभही टाकून दिला जातो. त्यापेक्षा मोड आणलेल्या नाचणीचे पीठ करावे. नाचणी स्वच्छ धुऊन आठ ते दहा तास भिजवावी, फडक्यात बांधून एक दिवस मोड येऊ द्यावेत, नंतर चांगली वाळवून मंद आचेवर भाजावी व दळावी. हिवाळ्यात मोडांस अधिक वेळ लागतो. मोड आल्याने खनिजे शरीरास अधिक सुलभतेने मिळतात व खीर पातळ राहते, त्यामुळे लहान मुलास ती अधिक दाण्यांसह भरवता येते.

तुपाचे काम

तूप पिठास खमंगपणा देते, शंकरपाळी खुसखुशीत करते व लाडू वळण्यास साहाय्य करते. केवळ वळण्यासाठी लागणारे तूप शेंगदाणे व तीळ ह्यांच्या कुटाने कमी करता येते. शेंगदाण्यात सुमारे निम्मे तेल असते. तो गुळाबरोबर कुटला असता तेल सुटते व तुपाविना लाडू वळतात. तुपाऐवजी दुधाचा हात लावून लाडू वळल्यास ते दोन दिवसांतच संपवावे, कारण ओलाव्यामुळे ते लवकर खराब होतात. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयास अपायकारक ठरल्यामुळे भारतात जानेवारी २०२२ पासून तेल व चरबीयुक्त पदार्थांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले आहे. घरी गोड करताना थोडे का होईना, साजूक तूप वा शेंगदाणा तेल वापरावे.

काही पदार्थांच्या कृती

नाचणीचे लाडू : मोडाच्या नाचणीचे पीठ दोन वाट्या, शेंगदाण्याचे कूट एक वाटी, भाजलेले तीळ पाव वाटी, किसलेला गूळ एक वाटी, तूप अर्धी वाटी व वेलची. पीठ तुपावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे खमंग भाजावे. कढई उतरवून पीठ कोमट होऊ द्यावे, मग गूळ, कूट व तीळ मिसळून लाडू वळावेत. चुलीवर असतानाच गूळ घातल्यास त्याचा पाक होऊन लाडू दगडासारखे होतात.

खपली गव्हाची खीर : एक वाटी सडलेली खपली रात्रभर भिजवून भरपूर पाण्यात पूर्ण मऊ शिजवावी. दाणा शिजण्यापूर्वी गूळ घालू नये. गोडी शिरल्यावर दाणा सहसा मऊ होत नाही. नंतर पाऊण ते एक वाटी गुळाचे गाळलेले पाणी, सुंठ, जायफळ व खोबरे घालून एक उकळी आणावी. दूध घालावयाचे झाल्यास खीर कोमट झाल्यावर, वाढतेवेळीच घालावे.

लाल भोपळ्याचे घारगे : दोन वाट्या किसलेला भोपळा व अर्धी वाटी गूळ पाणी न घालता शिजवावा. निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक व दोन चमचे तांदळाचे पीठ घालून मळावे. तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी भाजावेत.

शंकरपाळी : पाऊण वाटी गूळ पाऊण वाटी पाण्यात विरघळवून गाळावा. त्यात अर्धी वाटी तूप, चिमूटभर मीठ व मावेल तेवढे कणीक-ज्वारीचे मिश्र पीठ घालून घट्ट मळावे. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून मंद आचेवर तळावे.

घ्यावयाची काळजी

शेंगदाणे निवडून घ्यावेत. बुरशी आलेल्या, काळपट वा सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते व ते भाजल्याने नाहीसे होत नाही. असे दाणे जनावरांसही घालू नयेत. एक वर्षाखालील बालकास साखर, गूळ व मध देऊ नये. मधामुळे ह्या वयात गंभीर विषबाधा होण्याचा संभव असतो. लहान मुलास अख्खे शेंगदाणे न देता बारीक कूट द्यावे. लाडू खाताना चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते; आवळा, पेरू वा लिंबू ह्यांमुळे ते वाढते. रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या गुळाच्या भरवशावर बंद करू नयेत.

लाडू पूर्ण निवल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. पावसाळ्यात गुळाचे पदार्थ थोड्या प्रमाणात करावेत.

नवीन जिन्नस वापरताना एका वेळी एकच बदल करावा. पहिल्या खेपेस साखरेच्या जागी गूळ, दुसऱ्या खेपेस गोडीचे माप कमी, तिसऱ्या खेपेस पिठात नाचणी, असा क्रम ठेवावा, म्हणजे पदार्थ बिघडल्यास कारण ताबडतोब कळते. जमलेले माप वहीत लिहून ठेवावे. महिला मंडळांत व बचत गटांत अशी मापे एकमेकींना द्यावीत आणि पुढील हंगामात नाचणी व शेंगदाणे बाजारात नेण्यापूर्वी घरच्या मुलांपुरता वाटा प्रथम बाजूस काढावा.