दुसरी शाखा उघडताय? आधी माणसांची यादी करा, मग वायर टाका



दुसरी शाखा म्हटलं की आपण जागा बघतो, डिपॉझिट ठरवतो, फर्निचरवाल्याला बोलावतो, मुहूर्त काढतो. कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा विषय निघतो शेवटच्या आठवड्यात. "एक लाइन घेऊ, दोन कॉम्प्युटर लावू, झालं!" पुढच्या दोन वर्षांची डोकेदुखी इथेच सुरू होते.

पहिल्या दुकानात सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं. कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसलंय, काय उघडतंय, हे मान वळवली की दिसतं. शाखेत तुमची नजर पोचत नाही. म्हणून ते काम व्यवस्थेकडून करून घ्यायचं. व्हिडिओत वेळेअभावी जे सुटलं, ते इथे सविस्तर देतोय.

एक उदाहरण धरू. समजा, नाशिकला तुमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आणि गोडाऊन आहे. आता सिन्नरला शाखा काढताय. नाशिकला आठ माणसं, सिन्नरला चार.

१. डिरेक्टरी म्हणजे काय?

नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. डिरेक्टरी म्हणजे तुमच्या माणसांची एकच अधिकृत यादी. कोण आपला आहे, त्याचा पासवर्ड काय आणि त्याला काय काय उघडता येतं, हे सगळं एका जागी. हजेरीपुस्तक आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र केला तर जे होईल, तेच.

ही यादी नसते तेव्हा काय होतं? प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा पासवर्ड, तोही स्क्रीनला चिकटवलेला. चौघांत मिळून एकच ईमेल. मग काउंटरवरचा मुलगा नोकरी सोडून समोरच्या दुकानात लागतो, आणि तुमचे खरेदीचे दर, पार्ट्यांची यादी त्याच्या मोबाइलवर दिसतच राहते. कुणी चोरी केलेली नसते. किल्ली परत घ्यायची राहून गेलेली असते, एवढंच.

यादी करताना तीन नियम पाळा.

पहिला: परवानगी माणसाला देऊ नका, पदाला द्या. 'काउंटर', 'गोडाऊन', 'अकाउंट्स' असे गट करा. काउंटरला विक्रीचे दर दिसतील, खरेदीचे नाही. नवीन माणूस आला की त्याला फक्त गटात टाकायचं.

दुसरा: माणूस सोडून गेला की त्याच दिवशी खातं बंद करा, पण लगेच डिलीट करू नका. त्याचे ईमेल आणि फाइल आधी दुसऱ्याकडे सोपवा.

तिसरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा: मुख्य अॅडमिन खातं तुमच्या ताब्यात हवं. डोमेनचं नाव तुमच्या किंवा फर्मच्या नावावर, आणि पासवर्ड परत मिळवायचा मोबाइल नंबरही तुमचाच. कॉम्प्युटरवाल्याने सोयीसाठी सगळं स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर उद्या त्याच्याशी बिनसलं की तुमचा धंदा त्याच्या खिशात. एक जादा अॅडमिन खातं करून त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवा.

२. सर्व्हर घ्यायचा का?

बारा माणसांसाठी, बहुतेक वेळा नाही. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंत, तर माणसांची यादी त्यातच येते. मायक्रोसॉफ्टच्या या सेवेला २०२३ पासून एन्ट्रा आयडी म्हणतात. इंटरनेट असेल तिथून ती चालते, त्यामुळे नाशिक काय, सिन्नर काय, सारखंच. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर खात्री करणं, पहिल्या दिवसापासून चालू करा.

नाशिकला आधीपासून विंडोज सर्व्हर आणि त्यावर अॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल, तर मात्र दोन गोष्टी बघा. एक, सिन्नरच्या कॉम्प्युटरला डीएनएस म्हणून नाशिकच्या सर्व्हरचा पत्ता द्या. अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा सर्व्हर कुठे आहे, हे कॉम्प्युटर डीएनएसला विचारूनच शोधतो. तिथे नुसता इंटरनेट कंपनीचा पत्ता असेल तर त्याला सर्व्हर सापडणारच नाही. दोन, सगळ्यांचे पासवर्ड असलेला पूर्ण सर्व्हर शाखेच्या काउंटरखाली ठेवू नका. तो चोरीला गेला तर सगळ्या कंपनीच्या किल्ल्या गेल्या. याच भीतीपोटी मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ मध्ये शाखांसाठी 'फक्त वाचता येणारा' डोमेन कंट्रोलर आणला. त्यात बदल करता येत नाहीत, आणि तुम्ही परवानगी दिलेल्यांचेच पासवर्ड त्यात साठतात. चार माणसांच्या शाखेला तोही सहसा लागत नाही.

३. दोन शाखा जोडताना

बाजारातले बरेच राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० याच पत्त्यांवर येतात. दोन्हीकडे तसेच ठेवलेत तर जोडणी अडते. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर असेल तर पोस्टमन काय करणार? म्हणून आधीच ठरवा: नाशिक १९२.१६८.१०, सिन्नर १९२.१६८.२०, आणि तिसऱ्या शाखेसाठी ३० राखून ठेवा. हे आज पाच मिनिटांचं काम आहे. प्रिंटर, कॅमेरे सगळं लागल्यावर बदलायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो.

दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएन करून घ्या. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा तुमचा खाजगी बोगदा. त्यासाठी नाशिकच्या लाइनवर स्टॅटिक आयपी मागून घ्या. "राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, घरूनही कॉम्प्युटर दिसेल," असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. असं उघडं ठेवलेलं रिमोट डेस्कटॉप ही रॅन्समवेअरवाल्यांची आवडती वाट आहे.

अकाउंटिंगची डेटा फाइल नाशिकला आणि ती थेट सिन्नरहून उघडायची, असं केलंत तर बिल बनायला वेळ लागेल आणि गिऱ्हाईक वैतागेल. सॉफ्टवेअर नाशिकच्या कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर चालू द्या. सिन्नरहून व्हीपीएनमधून फक्त त्याची स्क्रीन बघा.

कॅमेऱ्यांचाही हिशोब करा. सहा कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे १२ एमबीपीएसचा अपलोड सतत खर्च. रेकॉर्डिंग सिन्नरलाच साठवा, नाशिकहून हवं तेव्हाच बघा. गिऱ्हाइकांचं वायफाय कामाच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा.

४. लाइन गेली तर?

ती जाणारच. दुसरी लाइन घ्या, पण वेगळ्या मार्गाने येणारी. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. एक फायबर आणि एक सिमकार्डचा राउटर, ही जोडी लहान शाखेला पुरते. राउटर आणि स्विचला यूपीएस द्याच. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, हे दृश्य फार दुकानांत दिसतं.

आणि उद्घाटनाच्या आधी एक परीक्षा घ्या. फायबरची वायर मुद्दाम काढा आणि अर्धा तास बिलं करून बघा. जे अडेल ते लिहून ठेवा. गर्दीच्या दिवशी कळण्यापेक्षा रिकाम्या दुकानात कळलेलं बरं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या, चार रकाने आखा: नाव, पद, काय उघडता येतं, आणि तो सोडून गेला तर कोण बंद करणार. तुमच्या आजच्या एकाच दुकानासाठी तो भरा. चौथा रकाना रिकामा राहिला, तर दुसऱ्या शाखेची जागा बघणं एक आठवडा पुढे ढकला आणि आधी तो रकाना भरा.