पर्यटकांच्या वाटेवर आमच्या कारागिरांचे दुकान कोठे?

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे काही पर्यटनाच्या नकाशावरचे गाव नाही. बारामती-नीरा रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे हे गाव. बारामतीच्या अंगाला माळेगावचा साखर कारखाना, नीरेच्या अंगाला सोमेश्वरचा. येथे आम्ही गेलो ते एका परिचिताच्या बोलावण्यावरून. पिंजारी बिरादरीचा माणूस. तीन पिढ्या गाद्या-रजया भरण्याचा धंदा. आजोबांनी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजला, वडिलांनी मशीन आणले. आता मशीन आहे, कापूस आहे, हातात हुन्नरही आहे, पण गिऱ्हाईक फोमच्या गादीकडे गेले. मुलगा पुण्याला कंपनीत जातो म्हणतो.

"भाईसाहेब, दुकान चालू ठेवू की मशीन विकून टाकू, तुम्हीच सांगा," असे त्यांनी विचारले तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. पण बोलता बोलता विषय निघाला की, सुट्टीच्या दिवशी या मुलखात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. ही माणसे काय बघतात, काय विकत घेतात, कुठे जेवतात आणि कुठे झोपतात? ठरले, की दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरून हे डोळ्यांनी बघायचे.

पहिल्या दिवशी लोणी भापकरला थांबलो. मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर, बाजूला पायऱ्यांची पुष्करणी, आणि यज्ञवराहाची एकाच दगडातली मूर्ती. दगडावर हात चालवणाऱ्याने ही मूर्ती पाहायलाच हवी. वराहाच्या अंगावरची झूल इतकी बारीक कोरली आहे की आमचे पिंजारी बंधू तिला कापडाच्या नजरेने बघत उभे राहिले. तेथे आम्हांशिवाय कोणी नव्हते. चहासुद्धा गावात जाऊन प्यावा लागला.

मोरगावला मात्र गर्दी. अष्टविनायकांची यात्रा परंपरेने येथून सुरू होते. मंदिराभोवती उंच दगडी कोट आणि चार कोपऱ्यांना चार मनोरे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला मशिदीचा भास होतो. याची कारणे लोक निरनिराळी सांगतात. आम्हांला एवढेच दिसते की, सुलतानांच्या अमदानीत या मुलखातला गवंडी कोणतीही इमारत बांधो, त्याच्या हाताला मनोऱ्याचे वळण होते. दारासमोर गणपतीकडे तोंड करून बसलेला भला मोठा नंदी आहे. गणपतीपुढे नंदी सहसा आढळत नाही, म्हणून लोक त्याच्यापुढे थांबून फोटो काढतात.

आम्ही फोटो काढणाऱ्यांपेक्षा बसकडे जास्त लक्ष दिले. बस थांबते, माणसे दर्शन घेतात, हार-पेढे घेतात, चहा-वडा होतो आणि बस पुढच्या गणपतीकडे निघते. अशा घाईतल्या माणसाला गादी दाखवून उपयोग नाही. त्याला पिशवीत मावणारी आणि तेथल्या तेथे खाता येणारी वस्तू हवी. पेरू, डाळिंब, अंजीर विकणाऱ्या बागवानाला येथे जागा आहे, पण फळ धुतलेले आणि भाव पाटीवर लिहिलेला हवा. बसमधला माणूस घासाघीस करीत बसत नाही, भाव कळला नाही तर पुढे जातो.

जेजुरीची तऱ्हा वेगळी. खंडोबाचे आणि मुसलमानांचे नाते जुने आहे. देवाला मल्लूखान म्हणणारे भक्त होते आणि देवाच्या घोड्यांची देखभाल परंपरेने मुसलमान घराण्याकडे होती, असे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना भंडारा, खोबरे, दिवट्या-बुधल्या यांची दुकाने. त्या ओळीत बांगड्यांची मांडणी घेऊन बसलेल्या एका खालांशी आम्ही बोललो. त्या म्हणाल्या, "बेटा, इथे नवीन लग्नाची जोडपी येतात. नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो. त्या बाईला हिरवा चुडा लागतो. रंगीबेरंगी माल मी कमीच ठेवते." माल फिरोजाबादचा, पण गिऱ्हाइकाची पारख खालांची स्वतःची. बाजूच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेच्या बांगड्या लटकत होत्या आणि दुकानदार मोबाईल बघत बसला होता.

रात्री कोऱ्हाळ्याला परतल्यावर पिंजारी बंधूंनी हिशेब मांडला. "देवाला आलेला माणूस दिवसा येतो आणि दिवसाच जातो. माझी गादी रात्रीची. मला रात्र काढणारा माणूस पाहिजे." दोन दिवसांतले हे सर्वांत शहाणपणाचे बोलणे, आणि ते आमचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी बारामतीमार्गे भिगवणची वाट धरली. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे डोकावलो. नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९-१७९४) या गावात राहिले आणि येथेच वारले. वाडा बाहेरून पाहून निघालो, कारण मन भिगवणकडे लागले होते.

भिगवण इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर. उजनी धरणाचे पाणी येथपर्यंत पसरले आहे. या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. डिकसळ, कुंभारगाव येथील मासेमारी करणारे लोक होडीतून पर्यटकांना पक्ष्यांजवळ नेतात. जाळे टाकणाऱ्या हातांनी दुर्बीण धरायला शिकून घेतली आणि पक्ष्यांची इंग्रजी नावे पाठ केली, ही गोष्ट आमच्या कारागीर बंधूंनी ध्यानात घेण्यासारखी आहे. आणखी एक बाब अशी की पक्षी पहाटे चांगले दिसतात. म्हणून लांबचा माणूस आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो. त्याच्यासाठी गावातल्या घरांतून राहण्या-जेवण्याची सोय होऊ लागली आहे. आमच्या सोबत्यांच्या चेहऱ्यावर येथे प्रथमच उजेड पडला.

दुपारी भिगवणला मासे जेवलो. सहकुटुंब फिरणाऱ्या आमच्या वाचकांना बाहेर गोश्त कोठले, कसे कापलेले, ही काळजी असते. येथे चिलापी किंवा मरळ मागवली की तो प्रश्नच उरत नाही. रस्सा तिखट, भाकरी गरम, उत्तम. मालकांच्या गल्ल्याशेजारी तांब्याच्या हंड्या ओळीने मांडल्या होत्या. विचारले, यात का शिजवत नाही? म्हणाले, "कलई कोण करणार? कलईवाला इकडे यायचाच बंद झाला." आणि आम्ही ज्या कलईगार कुटुंबाला ओळखतो त्यातला कर्ता मुलगा रिक्षा चालवतो, कारण "आता भांडी कोण वापरतो"! कथील, नवसागर आणि भाता घेऊन महिन्यातून एकदा महामार्गावरच्या हॉटेलांची फेरी मारली तर किती काम मिळेल, हे त्याने फिरल्याशिवाय कळणार नाही. पण घरबसल्या बंद केलेला धंदा आणि खरोखर बंद पडलेला धंदा यांत फरक आहे, हे आम्ही त्याला सांगणार आहोत.

पळसदेवचे बुडालेले मंदिर पाणी ओसरले तरच दिसते. आम्हांला दिसले नाही. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा पाहिला. या मालोजींनी नगरच्या शाहशरीफ पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच.

मुक्कामाचा धंदा शेतातही चालतो. बारामती तालुक्यातच पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. शहरातल्या माणसाने शेतावर राहावे, हुरडा खावा, बैलगाडीत बसावे, अशी ती कल्पना. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. परतताना अशाच एका लहान केंद्रावर आम्ही चहाला थांबलो. खोल्या मातीने सारवलेल्या, दाराला तोरण, आणि आत खाटेवर फोमची गादी! पिंजारी बंधूंनी गादी हाताने दाबली आणि मालकांना म्हणाले, "दादा, घर मातीचं आणि गादी कंपनीची, हे पाहुण्याला दिसतं." मालक हसले, पण त्यांनी नकार दिला नाही. कापसाच्या गादीत किती कापूस लागतो, किती वर्षांनी पुन्हा पिंजावी लागते, खोळ धुता येते का, असे प्रश्न विचारले. दहा-बारा किलो कापूस, खोळ वेगळी शिवून देतो, दरवर्षी पावसाळ्यानंतर मीच येऊन पिंजून देईन, असे उत्तर मिळाले. नमुन्याच्या दोन गाद्या ठरल्या. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, असे आम्ही कोपराने ढोसून सुचवले. आमच्या लोकांना हुन्नर येतो, पैसे मागता येत नाहीत.

खोळीचे कापड घ्यायला ते आमच्याबरोबर पुण्याला रविवार पेठेत आले. वेळ होता म्हणून त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवले. दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) आयुष्यभर गोळा करून १९७५ साली सरकारला सोपवलेल्या सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह. कोथरूडच्या मस्तानी महालाचा भाग येथे पुन्हा उभारला आहे, तो पाहायला गर्दी असते. आम्ही मात्र अडकित्ते, दिवे, दौती, हुक्के, पाय घासायच्या वज्र्या यांच्या कपाटांपुढे रेंगाळलो. या घरगुती वस्तू आहेत, आणि बहुतेकांवर कारागिराचे नाव नाही. पिंजारी बंधू एका अडकित्त्यापुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "सुपारी तर साध्या अडकित्त्यानेही फुटली असती."

बाहेर पडून त्यांनी मुलाला फोन लावला. कंपनीची मुलाखत सोमवारी होती. दोन गाद्या भरून पोचवेपर्यंत हात लाव, मग जायचे ते जा, एवढेच ते बोलले. मुलगा काय म्हणाला ते आम्ही विचारले नाही. कापड त्यांनी चार गाद्यांचे घेतले.