मुक्या जिवाची चिकित्सा

रोह्यास आमच्या घरीं वाढलेल्या मांजरीस गतवर्षीं ज्वर आला. पशुवैद्य म्हणविणाऱ्या एका गृहस्थांनीं मनुष्यांची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी तिला चारली. सायंकाळीं हिरड्या तपकिरी पडल्या, धाप लागली. मोटारीनें पेणला नेतांना वाटेंतच ती गेली. मनुष्याचें यकृत हें औषध निर्विष करतें. मार्जाराच्या यकृतांत तें सामर्थ्य फार थोडें, म्हणून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट होते. वेळीं ॲसिटिलसिस्टीन मिळतें तर कदाचित् वांचती. शालिहोत्र-पालकाप्यांच्या या देशांत घोड्याहत्तींचीं शास्त्रें झालीं. मांजरास विचारतो कोण! १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें पशुवैद्याची नोंदणी आवश्यक केली आहे. वाचकांनीं नोंदणीक्रमांक खुशाल विचारावा. आम्हीं मागाहून विचारला. त्या गृहस्थांनीं तो अद्याप दाखविलेला नाहीं.