हाक दिली की आत जाणारी गाडी

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात ज्यांची बेदाण्याची शेडं आहेत, त्यांना हा प्रश्न नवा नाही. रात्री आत काही खुडबुडलं, तर मांजर की साप की चोर, हे बघायला अंधारात जायचं कुणी? अशा वेळी कॅमेरा लावलेली, बोलण्यावर चालणारी छोटी गाडी कामाची. पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनं बॉम्ब हाताळायला 'दक्ष' नावाचा रोबो केला, २०११ साली तो लष्कराकडं गेला. माणूस लांब थांबतो, धोक्याजवळ यंत्र जातं. आपली गाडी त्याच कल्पनेची, पण बुटाच्या खोक्याएवढी.

प्लायवूडच्या फळीला मागं दोन छोट्या मोटारी आणि चाकं, पुढं खुर्चीला असतं तसं सगळीकडं वळणारं चाक. डोकं म्हणजे आर्डुइनो नावाची पट्टी. ही पट्टी मोटारीला थेट जोडायची नाही, तिच्यात तेवढा जोर नसतो. मध्ये 'मोटर ड्रायव्हर' लागतो. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर आठवा : बटण हलकंच दाबायचं, मोठा प्रवाह स्टार्टर सांभाळतो. तसंच हे.

आता बोलण्याचं. गाडीला मराठी कळत नाही. आपलं बोलणं फोन ऐकतो, त्याची अक्षरं करतो आणि ब्लूटूथवरून गाडीला पाठवतो. गाडी फक्त अक्षरं ताडून बघते. आपण 'पुढं' म्हणतो, फोन 'पुढे' लिहितो, म्हणून प्रोग्रॅममध्ये दोन्ही घालायचे. कुणी 'म्होरं' म्हणत असेल, तर फोन त्याचं काय लिहितो ते बघून तेही घालावं. आपण पुस्तकी बोलायची गरज नाही, शब्द आपल्या तोंडचे ठेवावेत. 'थांब' मात्र सगळ्यात आधी तपासा.

ब्लूटूथ साधारण १० मीटर पोचतं, भिंत आली की आणखी कमी. म्हणजे घरी बसून राखण होणार नाही, दाराशी उभं राहून गाडी आत सोडायची. कॅमेऱ्याचं चित्र वायफायवर येतं, आणि आवाज ओळखायला बहुतेक फोनना नेट लागतं. म्हणून एक फोन बोलायला, दुसरा बघायला ठेवलेला बरा. कॅमेऱ्याला ५ व्होल्टची वेगळी बॅटरी द्या. नाहीतर मोटारी सुरू होताना दाब पडतो आणि चित्र जातं.

गाडी आवाज ओळखते, माणूस ओळखत नाही. जोडलेल्या फोनवर कुणीही 'पुढे' म्हटलं तरी ती निघते. ब्लूटूथचा विकत येतानाचा आकडा बहुधा १२३४ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. वायफायलाही कठीण पासवर्ड घाला, नाहीतर आपल्या शेडाचं चित्र दुसराच बघेल.

कॅमेरा कुठं फिरवायचा, हे गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहा. बेदाणा निवडायला येणाऱ्या बायांना आधी सांगा. कपडे बदलायची जागा, न्हाणीघर तिकडं गाडी न्यायचीच नाही. बाईचं असं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच १ ते ३ वर्षं कैद आणि दंड. चित्र साठवायचं असेल, तर ते कुणाच्या फोनमध्ये राहणार आणि किती दिवसांनी पुसणार, हेही त्याच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.